मिल बंद असते त्या दिवशी

—नाही वं हर्षा, सर्दी नाही, दूर नको सरकू, तुले नाही लागत माह्यापासून. असाच खरखरते माहा घसा. बस ना, पलंगावर बस. घर पाहायले आली त खोली बी पाह्य — मंगेशभाऊजीसंग तुहं जमलं त हीच खोली तुमची. सासूबाईनं कबूल केलं आहे मले, धाकटी सून आली का आमी दोघं साकोलीले खोली घेऊन राहाचं. म्हनून म्हनते, बरोबर पाहून घे. कामिनीताई म्हन मले, नुसतं ताई म्हनली तरी चालते. घसा ना? एलर्जी आहे, धुळीची. मी पयले टॉन्सिल समजत होती, गावातल्या गावात किती त अँटिबायोटिक गिळल्या — काही फरक नाही. मंग साकोलीच्या डॉक्टरनं टॉर्च लावून पाह्यलं. म्हने, बाई, नाकातलं मागून घशात उतरून राहिलं, म्हनून सकाळी आवाज फुटत नाही, टाळूले खाज सुटते. आन् खाज कशी? जिभेनं टाळू घासते मी रातभर, क्र-क्र-क्र — आमचे हे म्हनते, अंथरुनात कोंबडी शिरली का!

इलाज? आहे ना, कायले नाही! रात्री गोळी — मंग झोप हटत नाही, सासूबाई म्हनते सून नाही, अजगर आनला घरी. नाकात फवारा मारायचा, रोज, बरं वाटलं तरी. मिठाच्या पान्यानं गुळन्या. हळदीचं दूध बी देते सासूबाई, आराम पडते, खोटं कायले बोलू? पन डॉक्टर म्हने पयला इलाज म्हनजे धुळीपासून दूर राहा. मले हासूच आलं. म्हनलं, डॉक्टरसाहेब, राइस मिल आमच्या आंगनातच आहे! — ते खिडकी नको उघडू. म्हनजे, उघड, आज चालते, आज मिल बंद आहे. नाही त त्या टिनामागं भुशाचा ढीग आहे ना, तिकून उडते. धान निंगालं का मंग पाहाच नको — चादरीत भुसा, कनकेत भुसा. एकडाव त घसा असा सुजला का थुका गिळता येईना, श्वास अटकला, गाडीत टाकून नेलं, सुई दिली तवा कुठं... पन ते एकडावच. घाबरू नको तू. सवय होते. मले नाही झाली, तुले होईन.

आज काहून बंद? पाहुने येनार म्हनून. सासूबाईच म्हने, आज मिलचा पट्टा चढवू नका. माह्या टायमाले बी बंदच होती. मले कोन आनते पाहायले? बाबा एकटे आले सानगडीहून, पोहे खाल्ले, घरी येऊन म्हने, कामिनी, इतकं शांत घर आहे का चिमन्याइचा आवाज येते. अजून बी तेच सांगते लोकाइले. माहेरी गेली का घसा मोकळा होते माहा, गाने म्हनते मी भांडे घासता घासता — मंग आई म्हनते, आजार कुठं आहे वं तुले? काय सांगू तिले? म्हनून तू लवकर ये. खरंच ये वं, मी इथं आता —

काय झालं? पानी पी, पी. थांब, खिडकी लावते. टाळूले खाजवून राहिलं? लहानपनापासून आहे का वं? पर्समधी काय लपवून राहिली, दाखव.

हाच फवारा. माहा बी हाच आहे. 'तिथं काढजो नको' म्हनून सांगतलं असन तुह्या आईनं. सांगतलंच असन.

— आली, आली सासूबाई! खोली दाखवून राहिली तिले! — ऐक. डोळे पूस. बाहेर तुले इचारतीन, पसंत आहे का. नाही म्हनाची गरज नाही. तुह्या बाबाले इतकंच म्हनजो, मिल चालू असन त्या दिवशी परत येऊ पाहायले. मंग तेइचं तेइले समजन. माहं काय? मी आहे इथंच. ठेव तो फवारा पर्समधी. जाय आता, पोहे थंड होऊन राहिले.