नंदाताईंकडची चावी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच दीप्तीताई. पोलीस ठाण्यातून मुद्दाम आलेले साहेब. खुर्चीच्या टोकावर जेमतेम टेकलेल्या सत्कारमूर्ती, गावच्या पोलीस पाटील नंदाताई मोहिते. खालच्या वाडीचे मानकरी राजाराम आणि त्यांची मंडळी. आणि डावीकडच्या रिकाम्या खुर्च्यांवर ज्यांनी बसायचं ते वरच्या वाडीकर, असाल तिथून माझा नमस्कार घ्या.

मला पाच मिनिटं दिली आहेत. पण सूत्रसंचालक विनीत मघाशी कानाशी लागला, "सर, वरच्या वाडीचे मानकरी बाबल्याकाका येईस्तोवर जरा ओढा." जन्मभर कविता शिकवल्या, ओढणं मला नवीन नाही. पण आज जीव थाऱ्यावर नाही. नंदाताईंचा एक निरोप माझ्याकडे आहे, आणि तो दोन्ही वाड्या समोर असल्याशिवाय सांगायचा नाही, अशी त्यांची ताकीद आहे.

मुंबईहून आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तीन शिमग्यांपूर्वी पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन वाड्यांत ओढाताण झाली. दांडा मोडला. पोलीस आले. पालखी देवळाच्या खोलीत कुलपात गेली आणि चावी पोलीस पाटलांकडे. आज नंदाताई निवृत्त होतायत. दोन्ही वाड्यांचं जुळलं नाही, तर चावी साहेबांबरोबर तालुक्याला जाईल. तिथून ती कधी परतेल, हे साहेबही सांगू शकत नाहीत. आणि शिमगा तर तोंडावर आलाय.

गावाची शांतता राखायची कुणी? जुने लोक सांगायचे, खोतांच्या ओटीवरून नुसतं कुणी खाकरलं तरी भांडण मिटायचं. मिटायचं की दबायचं, हे विचारणार कोण? मग पाटीलकी आली, तीही बापाकडून लेकाकडे जाणारी. आणि या सगळ्यांच्या खाली, शिवेवर काठी घेऊन जागणारे नंदाताईंचे आजोबा. गाव झोपायचं त्यांच्या भरवशावर. देवळाची पायरी मात्र त्यांना मोकळी नव्हती. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर नंदाताईंच्या वडिलांनी ती काठी कायमची खाली ठेवली आणि पुढे मुलीच्या हातात पाटी दिली. काळ बदलला, वारसा गेला, परीक्षा आली. नंदाताईंनी ती दिली आणि हे पद स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. मान वर करा, नंदाताई. आज खाली बघायचं नाही.

ही नंदा माझ्याच वर्गातली. मी चांदण्याची कविता म्हणत खिडकीतून नदीकडे हरवून जायचो, आणि मागच्या बाकांवर मारामारी जुंपायची. नंदा उठायची आणि दोघांच्या मधे जाऊन बसायची. छडी नाही, तक्रार नाही. पुढे लग्न होऊन ती लोट्याला गेली. कंपनीत कामाला असलेला नवरा वारला, तेव्हा माहेरी परतली. पण ही सवय तिने सोडली नाही. दोन भाऊ हद्दीवरच्या चिऱ्याच्या गडग्यावरून कोयते घेऊन उठले, तर ही बाई त्या गडग्यावरच जाऊन बसली. "मना उठवा आनी मंग भांडा!"

चावी आली आणि मात्र तिची झोप उडाली. मला म्हणाली, "सर, देव तुमचा, चावी सरकारची, आनी जागरण माजं!" दोन्ही वाड्यांची माणसं चावीसाठी तिच्याकडे खेपा घालत. सगळी खळ्यात, बाहेर अंगणातच उभी. "च्या घेनार?" असं तिने विचारलं, की ठरलेलं उत्तर, "नको, आत्ताच घेऊन आलो." तीन वर्षं हे गाव घरून चहा पिऊनच तिच्याकडे गेलं!

कोण ते दारात? बाबल्या, आणि मागे वरची वाडी! या, या. बसा. नाही बसायचं? बरं, उभ्याने ऐका.

नंदाताईंचा निरोप असा: "चावी इथं देणार नाही. उद्या सकाळी दोन्ही मानकऱ्यांनी माझ्या घरी यायचं. खळ्यात नाही, आत. बसायचं, चहा घ्यायचा, पहिल्या खांद्याचं तिथंच ठरवायचं आणि चावी दोघांनी मिळून न्यायची." साहेब उद्या दुपारपर्यंत थांबायला तयार आहेत.

का हो? पहिल्या खांद्यासाठी दांडा मोडलात, आणि आता तिच्या उंबरठ्यावर पहिलं पाऊल दुसऱ्याने टाकावं म्हणून एकमेकांकडे बघताय?

काय म्हणालास, बाबल्या? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी माइकवर सांगतो. बाबल्या विचारतोय, "च्या कोरी का दुदाची?"

हसू नका. नंदाताई काय म्हणतायत ऐका. "दूद तुमी घेऊन या."

आणि इतका वेळ पंख्याकडे बघत बसलेले राजाराम आता उभे राहिलेत. "वरच्या वाडीचं दूद कशाला? आमची म्हस काय आटली नाय!"

म्हणजे आता दुधावरून! भांडा बाबांनो, पोटभर भांडा. फक्त उद्या, नंदाताईंच्या घरात बसून.

दीप्तीताईंचे, साहेबांचे आणि मला एवढं सोसलंत म्हणून तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव आधी आलं असेल, कुणाचं मागून. म्हाताऱ्याने ते कुठल्याही मानाच्या हिशेबाने घेतलेलं नाही. चुकलं असेल ते पदरात घ्या. नमस्कार.