युगेतच्या हातातला झेंडा

...आणि वर मलाच म्हणते, ‘फर्नां, अक्षर लागत नसेल तर मला विचारत जा हं!’ मला! बारा वर्षं चर्चच्या तळघरात बसून जन्म-लग्न-मर्तिकाच्या जुन्या नोंदवह्या उतरवणाऱ्या माणसाला! तुम्हाला सांगतो, मी जळत नाही हं, मला जळायचं कारणच काय? पण ही युगेत रोशलो तिच्या त्या निळ्या शालीत आली ना, की माझं वाटाण्याचं सूपसुद्धा आंबट होतं!

कारण काय, तर हिचा खापरपणजोबा की त्याचाही पणजोबा, तो मातुरँ रोशलो, आमच्या गावाचा मूळपुरुष. म्हणून गावच्या जत्रेत झेंडा कोणी धरायचा? युगेतनं! चौदा वर्षं! आणि आम्ही सांसूसी कोण? आडनावाचा फ्रेंचमधला अर्थच बेफिकीर, कुठून आले कुणाला ठाऊक! आम्ही आपले कडेला उभे राहून टाळ्या पिटतो... जळत नाही हं, नुसत्या टाळ्या पिटतो!

बरं, आमचं काम म्हणजे वैताग. एकाच माणसाचं आडनाव पाद्रीबाबा लग्नात एक लिहिणार, मर्तिकात दुसरं, त्यात पलटणीत पडलेलं टोपणनाव तिसरंच! आणि आमच्या वंशावळ मंडळाचा अध्यक्ष नोर्मां नाकात बोलतो, ‘पानावर दिसेल तेच उतरवा. शहाणपणा करू नका.’ मी करतच नाही. दिसेल ते लिहितो.

तर गेल्या हिवाळ्यात काय दिसावं? मातुरँच्या धाकट्या मुलाचं लग्न! आणि नावापुढे पाद्रीबाबांनी स्वच्छ लिहिलेलं, ‘रोशलो, ऊर्फ सांसूसी’! अहो, पलटणीतलं टोपणनाव धाकट्याला चिकटलं, पोराबाळांनी तेवढंच ठेवलं, रोशलो गळून पडलं! पुढच्या सगळ्या पिढ्या लावल्या, थेट माझ्या बापापर्यंत! म्हणजे मातुरँ माझाही! झेंडा माझाही! मी खुर्चीतून असा उठलो की डोकं छतालगतच्या नळाला आपटलं.

कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही! ठरवलं, वसंतात मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक कढतो, सगळं मंडळ जेवायला जमतं, तिथे उठायचं आणि युगेतच्या तोंडावर सांगायचं. चार महिने आरशासमोर भाषण घोटलं. नवा कोट शिवला!

तो दिवस आला. पाकातली अंडी पुढ्यात, मी घसा खाकरला, अर्धा उठलो... आणि युगेत पूर्ण उठली! ‘मंडळी, एक आनंदाची बातमी! आपला फर्नां माझा भाऊ निघाला!’

मी तसाच! ना उभा ना बसलेला! अहो, आमच्याकडे प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं उतरवायचं असतं, एकमेकांचं न बघता, मग नोर्मां दोन्ही ताडून बघतो. बारा वर्षं हे करतोय मी! पण त्या आनंदात दुसरा उतरवणारा डोक्यातूनच गेला! कोण होता दुसरा? विचारता कशाला!

टाळ्या तिला. शोध तिचा. आणि येऊन मला मिठी मारते हो, शालीसकट! ‘फर्नां, मला भाऊ नव्हता रे...’ डोळ्यांत खरंच पाणी. आता यावर माणसानं रागवावं तरी कसं?

मी म्हटलं, ते राहू दे, झेंड्याचं काय? नोर्मां म्हणाला, ‘झेंडा थोरल्या पातीचा. युगेत थोरल्याची, तू धाकट्याचा. तू मागे चाल, झेंड्याचा गोंडा चिखलात लोळतो, तो उचलून धर.’

परवा जत्रा झाली. धरला गोंडा! नव्या कोटात! बायको कडेनं टाळ्या पिटत ओरडते, ‘अरे, आता तरी जळू नकोस, बहीण आहे तुझी!’

तेच तर म्हणतो! इतकी वर्षं परक्या बाईवर उगाच जळत होतो... आता कागदोपत्री भाऊबंदकी झाली!