कप्तान, कावळा आणि दादा

कावळ्याचं ऐकाच. दादा कपाशीवर बोंडअळीचं औषध फवारताना विष लागून गेला. दहाव्याला त्याच्या पिंडाला कावळा शिवेना. काकांनी बहिणीच्या लग्नापासून बैलांपर्यंत सारी वचनं दिली. शेवटी वैतागले, "आता काय पाह्यजे बाप्पा याले?"

मला आठवलं, दादाच्या अंतराळाच्या मालिकेत त्याचा लाडका कप्तान मेला होता आणि पुढचा भाग पाहायचा राहिला होता. मी ओरडलो, "दादा, पुढच्या भागात दुसरी दुनिया निघाली रे. तिथं कप्तान जित्ता हाये."

कावळा लगेच शिवला.

आईनं डोळे पुसत विचारलं, "त्या दुनियेत बोंडअळी हाये का रे?"

"नाही वं माय."

खरं सांगतो, तो भाग मी पाहिलाच नव्हता. अजूनही पाहत नाही. कप्तान मेलेलाच निघाला, तर कावळ्याला काय तोंड दाखवू?