भांडायला या, भावजी

आज पाच जानेवारी, बोंबील बांबूवर टांगायचेत, म्हणून हात चालू ठेवूनच सांगते. माहेर माझं बोर्डीचं, लग्न होऊन आगरला आले, तेव्हापासून हे दर्यावरून मासे आणायचे नि मी विकायची, एवढंच आयुष्य. आता ह्यांचा कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरलाय. बरा होणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ह्यांनाही ठाऊक आहे.

काय सांगू तुम्हाला, दुखणं माणसाचं काय करून टाकतं. गोळी दिली की ओरडणं थांबायचं, पण हे भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवण नाही, बोलणं नाही. घरी येते ती नर्सबाई म्हणाली, मावशी, गोळी वेळेवर हवीच, ती सोडायची नाही, पण जोडीला जीव रमेल असंही काही करा. तिनं तळपाय हलके चोळायला शिकवलं, पाठ मात्र दाबायची नाही म्हणाली. पाय चोळले की जरा डोळा लागायचा. मग मोबाइलवर भजन लावलं, तर हे म्हणतात, बंद कर ते, अजून गेलो नाही मी.

तेव्हा मला ह्यांचा चुलतभाऊ आठवला, हरी. दोघांची मिळून होडी होती, ती विकताना भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. परवा मी गेले त्याच्या दारी. म्हटलं, भावजी, भांडायला या. तो म्हणाला, वहिनी, दुखणाईताशी काय भांडू? म्हटलं, रडायला येणारे पुष्कळ आहेत, तुम्ही तेवढे रडू नका.

आला, आणि ह्यांना बघून त्याचेच डोळे भरले. कसा आहेस दादा, म्हणाला. ह्यांनी तोंड फिरवलं. मी हरीकडे बघून डोळे वटारले, तेव्हा तो घसा खाकरून म्हणाला, त्या वादळात होडी मी किनाऱ्याला आणली म्हणून आज तू खाटेवर तरी आहेस. झालं! हे कोपरावर उठले. तू आणलीस? तू तर तळाशी पडून ओकत होतास! मग जी जुंपली दोघांची, आणि मी गुपचूप पाय चोळत बसले. तेवढ्या वेळात एकदाही आई गं नाही. भांडता भांडता पेजेची वाटी रिकामी केली ह्यांनी.

दुखणं गेलं असं नाही, संध्याकाळी पुन्हा कण्हत होते, गोळी द्यावीच लागली. पण काल सकाळी ह्यांनी स्वतःहून तोंड उघडलं, त्या खोटारड्याला बोलाव, माझं अजून बोलून व्हायचंय. मी गोळी दिली, पाय चोळले, पदर खोचला आणि हरीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, भावजी, चहा आमच्याकडे घ्या, उशीर करू नका.