अख्खा फोटो

वीणा : या हिमकणाला सहा हात आहेत. पाच सारखे, एक टोकाशी तुटलेला. वाकू नका, तुमच्या श्वासाने जाईल.

नरेंद्र : मी श्वास धरूनच उभा आहे. काढू का फोटो?

वीणा : काढा. एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी दिसेल. गेला बघा कण. पाणी झालं.

नरेंद्र : तवा फ्रीझरमध्ये ठेवूनसुद्धा?

वीणा : निदान दिसला तरी. मघाशी काळं काहीतरी आणा म्हटलं, तर तुम्ही गॅसवरचा तापलेला तवा उचलून आणलात. बर्फ चर्र झाला त्यावर.

नरेंद्र : टेक्सासात, समुद्राच्या इतक्या जवळ, नाताळच्या सकाळी बर्फ पडतोय. माणूस गोंधळणारच. आलो तेव्हापासून इथे असं कधी पाहिलं नाही. तुमचं काय, जन्मभर प्रयोगशाळेत स्फटिकच बघितलेत.

वीणा : बाटलीतले. आभाळातून पडलेले नाहीत.

नरेंद्र : आता तिथे पायरीपुढे उभ्या राहा. अथर्वला पाठवायला एक काढू. आणि ती माकडटोपी काढा, नाहीतर मुलाला वाटेल आईच्या घरी चोर शिरला.

वीणा : राहू दे. थंडी आहे. तिकडे दूर उत्तरेत रेडमंडला बसून त्याला काय कळायचं, इथे बर्फ म्हणजे काय ते.

नरेंद्र : हसा थोडं. झाला. बघा.

वीणा : छान आलाय. पण मागे काय आलंय बघा.

नरेंद्र : रस्ता. आणि पलीकडे माझं घर.

वीणा : आणि पावलं. तुमच्या दारापासून माझ्या पायरीपर्यंत. सगळ्या रस्त्यावर दुसरं एक पाऊल नाही.

नरेंद्र : अरेच्चा. थांबा, भिंतीकडून दुसरा काढतो. नाहीतर हाच कापून पाठवा, नेहमीसारखा.

वीणा : नेहमीसारखा म्हणजे?

नरेंद्र : माझी सावली कापता ना. गणपतीच्या फोटोत आरतीच्या तबकाला माझा हात होता, तोही गेला. राग नाही, वीणा. पण दिसतं मला.

वीणा : अथर्व विचारतो, आई, तुझे फोटो काढतं कोण? मी सांगते, शेजारी.

नरेंद्र : खोटं नाही ते.

वीणा : अर्धं आहे. काल पुन्हा फोन होता त्याचा. माझ्यासाठी खोली तयार आहे, निधीने पडदेसुद्धा लावलेत. म्हणाला, सुनेने इतकं केलंय, तू एकटी तिथे कशाला राहतेस, मार्चमध्ये घर विकायला काढू. मी म्हटलं, बघते.

नरेंद्र : मलाही तेच म्हणालात. मी तुम्हाला लग्नाचं विचारलं, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. बघते.

वीणा : नमुना अपुरा होता.

नरेंद्र : रोज सकाळचा चहा, रोज संध्याकाळचं चालणं. आणखी किती नमुने लागतात तुमच्या लॅबला?

वीणा : थट्टा नको. रवींद्र गेले, तरी इथल्या मराठी मंडळात मी अजून तुमच्या मित्राची बायको आहे. परवा तुम्हीच सगळ्यांसमोर विचारलंत, वहिनी, खीर वाढू का?

नरेंद्र : आणि तुम्ही म्हणालात, नको भावजी. माझी सुचित्रा वरून हसत असेल दोघांना.

वीणा : मला खरं तर हवी होती खीर.

नरेंद्र : सांगितलं असतंत तर वाढली असती. बरं, ऐका. रेडमंडला जायचं ठरलं तर खोकी भरायला मी येईन. फक्त मला आधी सांगा. घराबाहेर विक्रीची पाटी लागलेली बघून कळायला नको.

वीणा : बर्फ थांबला. ऊन आलं की दुपारपर्यंत ही पावलं उरणार नाहीत.

नरेंद्र : नाही उरणार. म्हणून तर म्हणतो, काळजी करू नका. कोणी बघणार नाही.

वीणा : तुमच्या कॅमेऱ्याला टायमर आहे ना?

नरेंद्र : आहे. का?

वीणा : गाडीच्या बॉनेटवर ठेवा. बर्फावर घसरेल, खाली तवा पालथा घाला. मागचा रस्ता आला पाहिजे.

नरेंद्र : सगळा?

वीणा : तुमच्या दारापर्यंत. आणि बटण दाबून इथे या, माझ्या शेजारी. पळत नको, पडाल.

(कॅमेऱ्याचा छोटा दिवा लुकलुकू लागतो.)

नरेंद्र : वीणा, हा फोटो पाठवायचाय कुणाला?

वीणा : समोर बघा. अथर्वला. न कापता. आणि खाली लिहिणार आहे, खोलीचे पडदे राहू देत, आम्ही दोघं येऊ चार दिवस राहायला. मी नरेंद्रकाकांशी लग्न करते आहे.