नाव घेतल्याशिवाय स्वप्न न्हाय

तुमी हसा, पण माझ्या दुकानातलं चूर्ण वाया जात न्हाय. परंड्यात जडीबुटी विकतो म्हणून सांगत न्हाय, शेजारच्या कमलमावशींना विचारा.

त्यांचे मालक वारल्यापासून एकदाबी स्वप्नात आले न्हाईत, म्हणून मावशी झुरत होत्या. म्या जटामांसी अन् जायफळाची पुडी दिली. म्हणलं, "झोपताना दुधातनं घ्या, अन् ज्याला बघायचंय त्याचं नाव घ्या."

मावशींनी पदर सावरला. "आरं, लग्न झाल्यापासून त्यांचं नाव घेतलं न्हाय कधी."

"मग उखाण्यात घ्या की."

मावशी तिथंच लाजत पुटपुटल्या, "परंड्याच्या किल्ल्यावर तोफ लई मोठी, दिगंबररावांचं नाव आलं पहिल्यांदा ओठी."

दुसऱ्या दिवशी म्या दुकान उघडायच्या आत मावशी दारात हजर. म्या ऐटीत विचारलं, "आले का मालक?"

"आले की. खाटंवर बसले अन् म्हणले, पहिल्यांदा कसं? लग्नातबी हाच उखाणा घेतला होतास. नवा घेऊन ये, मग बोलू."

म्या लगेच दुसरी पुडी बांधायला घेतली.

"पुडी राहू दे," मावशी म्हणाल्या. "एखादा उखाणा हाय का?"