कूलरचा उपास

पाळक केशव : आता हात काढ त्या बटणावरून, पिंकी बेटा. शिबिराच्या समारोपाला माणसं घरून निघाली आहेत.

पिंकी : नाही काढत, पास्टर अंकल. तुम्हीच तं मले या कूलरची राखणदार केलं.

केशव : पाणी वाया जाऊ नये म्हणून केलं! देवानं सृष्टी आपल्या हवाली केली आहे, हे शिबिरात शिकवायचं होतं. म्हणून प्रत्येकाला एकेक वस्तू जपायला दिली. त्यात कबुतराचा विषयच नव्हता.

पिंकी : नव्हता, पण ते आलं ना! आठ दिवस कूलरले उपास कोणी धरायले लावला?

केशव : मीच लावला. वीज वाचवायला.

पिंकी : मंग? पंखा बंद पाहून ती आत शिरली. काड्या आणल्या, दोन अंडे दिले. आता बटण दाबलं तं चटणी होईन तिची.

केशव : चटणी म्हणू नकोस गं! आपण अंडी उचलून खिडकीत ठेवू.

पिंकी : माणसाचा हात लागला का पाखरू परत येत नाही, हे तुम्हीच सांगितलं.

केशव : मी सांगितलेलं सगळंच लक्षात ठेवायची सक्ती नव्हती.

पिंकी : होती. पाठांतराले बक्षीस होतं.

केशव : अगं, बाहेर डांबर वितळतंय! शरच्चंद्रराव अध्यक्ष आहेत आजचे. म्हातारा माणूस, मे महिन्यातही कोट घालून येतो. मागच्या वर्षी चालू कूलरसमोर बसूनही त्यांना घेरी आली होती. चहा पाजावा म्हटलं, तर मोहित नळाचा राखणदार. तांब्याभर पाणी घेऊ देत नाही!

पिंकी : मोहितले मी सांगतो... सांगते. म्हाताऱ्यापुरतं देईन तो.

केशव : आणि माझं काय? लोक म्हणतील, या पाळकाला एक बटण दाबता आलं नाही.

पिंकी : मंग दाबा. मी सरकते. पण पयले तिले सांगा.

केशव : कोणाला?

पिंकी : तिले. न सांगता नाही दाबायचं. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करून राहिली होती, अंकल.

केशव : रडू नकोस बेटा. सांगतो. कबुतराला सांगतो! दे ते स्टूल इकडं.

(स्टुलावर चढून, कूलरच्या झडपांतून आत डोकावत)

केशव : अहो, ऐकता का? तासाभराचा प्रश्न आहे. तेवढ्यापुरतं कुठं तरी जाऊन या. गैरसोय होईल, मान्य आहे, पण... पिंकी, ही हलतच नाही!

पिंकी : कशी हलंल? अंडे उबवून राहिली.

केशव : चोच उघडी आहे. धापा टाकून राहिली बिचारी.

पिंकी : तिलेबी गरम होते ना. पंख्यातच राहते, पण लावता येत नाही.

केशव : माझ्याकडेच पाहून राहिली वं. नाही, पिंकी. मले नाही दाबवत.

शरच्चंद्रराव : काय हो पाळकसाहेब, हॉलची पार भट्टी झाली! कूलर काहून बंद आहे? अन् तुम्ही स्टुलावर काय करून राहिले?

केशव : या, शरच्चंद्रराव. कोट काढा. टॉवेल ओला करून देतो तुम्हाले.

शरच्चंद्रराव : अहो, पण कूलर...

केशव : हळू बोला. आत पहिलटकरीण आहे.